चष्मा डोळ्यांवरच राहू द्या

नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी बूट बदलून झाले की चष्मेवाल्यांची चुळबुळ सुरू होते. कुणी चष्मा काढून हातात धरतं, कुणी पिशवीत डबी शोधतं, कुणी माझ्यापाशी येऊन हळूच विचारतं, "मॅडम, चष्मा काढूनच नाचायचं असतं ना?" माझ्या स्वतःच्या नाकावर साडेचार नंबरचा चष्मा असतो आणि तो त्यांना दिसत असतो, तरी विचारतात. पुण्यात मी साल्सा आणि बचाटा शिकवते, आणि लग्नसराईत नवरा-नवरीचे नाच बसवून देते. हा प्रश्न न ऐकता सुरू झालेली बॅच मला आठवत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. नाही, काढायचा नाही. तुमचा चष्मा सांभाळणं हे पार्टनरच्या हाताचं काम आहे, आणि तो हात तयार करणं हे माझं.

बऱ्याच ठिकाणी दारातच सांगतात, घड्याळ काढा, कडं काढा, चष्मा काढा. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. छोट्याशा हॉलमध्ये दहा-बारा जोड्या एकाच वेळी फिरत असतात, कोपरं लागतात. काच फुटून कुणाच्या डोळ्याला इजा झाली तर काय, ही काळजी खोटी नाही. पण घड्याळ आणि चष्मा एका यादीत बसत नाहीत. घड्याळ काढलं की मनगट मोकळं होतं. चष्मा काढला की समोरचं माणूस, मागची भिंत, बाजूची जोडी हे सगळं एकमेकांत मिसळून जातं, आणि नेमकं त्याच वेळी आपण चष्मेवाल्याला सांगतो, आता निर्धास्त होऊन नाच.

नंबराचं गणित मी बॅचला फळ्यावर मांडून दाखवते. एकाला मायनस नंबराने भागायचं, उत्तर येईल ते मीटरमधलं अंतर. चष्म्याशिवाय तेवढ्या अंतरापर्यंत स्पष्ट दिसतं, पुढे सगळं धूसर होत जातं. १ नंबर असेल तर ही हद्द १ मीटरवर, २ असेल तर ५० सेंटिमीटरवर, ४ असेल तर २५ सेंटिमीटरवर. साल्सात दोन्ही हात धरून समोरासमोर उभं राहिलं की दोन चेहऱ्यांत साधारण अर्धा ते पाऊण मीटर अंतर पडतं. म्हणजे दीड नंबरवाल्याला पार्टनरचा चेहरा बिनचष्म्याने बरा दिसतो, पण पार्टनरच्या पाठीकडून सरकत येणारी दुसरी जोडी दिसत नाही. माझ्यासारखीला चेहराही दिसत नाही. नाक-डोळ्यांच्या जागा कळतात, हसू कळत नाही. जोडीने नाचताना समोरच्याचं हसू दिसलं नाही, तर उरलेल्या नाचात मला रस वाटत नाही.

फॉलो करायला डोळे कशाला लागतात, हात पुरे, असं म्हणणारे भेटतात. मुरलेल्या फॉलोअरबद्दल ते बरंचसं खरं आहे. तिला लीडच्या, म्हणजे चाल ठरवणाऱ्या पार्टनरच्या, बोटांतल्या दाबावरून पुढची चाल कळते. पण नवखीला ती खूण अजून वाचता येत नसते. ती समोरच्याचा खांदा कुठे वळतोय हे बघते, त्याचं वजन कोणत्या पायावर गेलं हे बघते, आणि त्यावरून अंदाज बांधते. तिचा चष्मा काढून घेतला की ती अर्ध्या बीटने मागे राहते, आणि मग 'हिला ताल नाही' असा शिक्का बसतो. असा शिक्का बसून नाच सोडलेल्या मुली माझ्याकडे आल्या आहेत, चष्मा घालून नाचल्या आहेत, आणि त्यांच्या तालात काडीची खोट नव्हती. हे आठवलं की अजूनही संताप होतो.

लीड करणाऱ्याचं तर याहून वेगळंच. फॉलोअरची पाठ ज्या दिशेला जाते तिकडे तिला डोळे नसतात, ते काम लीडच्या डोळ्यांचं. क्रॉस बॉडी लीड द्यायचा म्हणजे तिला आपल्यासमोरून दुसऱ्या बाजूला पाठवायचं. तिथे जागा आहे की कुणी उभं आहे, हे पाठवण्याआधी दिसायला हवं. तीन-चार नंबरच्या मुलाला चष्मा काढून लीड करायला लावणं म्हणजे त्याच्या पार्टनरला धडक खायला पाठवणं. हे मी मुद्दाम कठोर शब्दांत सांगते, कारण मुलांना स्वतःच्या चष्म्याची लाज वाटते आणि दुसऱ्याला लागेल हे पटलं की ती लाज गळून पडते.

गिरक्यांबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. फिरताना चक्कर येऊ नये म्हणून नर्तक समोरच्या एका ठिकाणी नजर रोवतो, शरीर फिरत राहतं, डोकं शेवटी झटकन वळून पुन्हा त्याच ठिकाणी येतं. कथक शिकलेल्या मुलींना हे शिकवावं लागत नाही. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली, आणि तेव्हापासून या शहरात कथकाच्या पिढ्या तयार झाल्या. त्यातली एखादी माझ्या बॅचला आली की डबल टर्न पहिल्याच दिवशी स्थिर घेते. नजर रोवायची ती जागा स्पष्ट दिसण्याची गरज नसते, भिंतीवरचा दिवा अंधुक दिसला तरी भागतं. मग बिनचष्म्याने जास्त चक्कर का येते? मायनस नंबरच्या काचेतून सगळं थोडं लहान दिसतं. माझ्या नंबराला जवळपास पाच टक्क्यांनी. डोकं फिरलं की डोळे उलट्या दिशेला किती सरकवायचे याचा हिशेब मेंदूने त्या लहान जगावर बसवलेला असतो. चष्मा काढला की तो हिशेब चुकतो, आणि थोडा वेळ जग डुचमळतं. सरावाने मेंदू नवा हिशेब बसवतो, पण तासाभराच्या क्लासपुरता चष्मा काढणाऱ्याला ती सवड मिळत नाही. वर्षानुवर्षं दिवसभर चष्मा घालून फक्त नाचताना तो काढणं, हे चक्कर येण्याचं निमित्त ठरू शकतं.

आता हाताकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

नाचताना चष्मा कसा पडतो हे मी डोळ्यांत तेल घालून बघत आले आहे. फॉलोअरच्या स्वतःच्या हालचालीने तो क्वचित पडतो. बहुतेक वेळा त्याला हात लागलेला असतो, आणि तो लीडचा असतो. साधा राइट टर्न घ्या. लीडच्या डाव्या हातात तिचा उजवा हात. तीनच्या काऊंटपर्यंत हात वर गेला पाहिजे, पाच-सहा-सातमध्ये ती खालून फिरते. नवखा लीड पाचला हात उचलतो. तोवर ती वळायला लागलेली असते, आणि वर जाणारं मनगट तिच्या चेहऱ्यासमोरून जातं. काच नाही तर काडी त्याच्या वाटेत येतेच. दुसरा प्रकार हात घाईने खाली घेण्याचा. ती अजून सातवर असते आणि याचा हात कानाच्या उंचीवर आलेला असतो. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. हात वर तर वेळेवर जातो, पण डोक्यावर वरण घोटल्यासारखा मोठमोठ्या वर्तुळात फिरतो. डोक्याच्या मधोमध, टाळूच्या बरोबर वर, हात जवळजवळ स्थिर राहायला हवा. फिरायची ती फॉलोअर.

आणि अंगठा. लीडने अंगठ्याने तिचा हात आवळून धरला की तिचा तळवा त्याच्या बोटांवर फिरू शकत नाही. तळवा अडकला की मनगट पिळतं, कोपर बाहेर फेकलं जातं आणि दोघांचे गुंतलेले हात तिच्या कानशिलावर येतात. चष्म्याची काडी तिथेच असते. म्हणून पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना अंगठा सोडून, नुसत्या वाकवलेल्या बोटांवर हात टेकवून टर्न द्यायला लावते. सुरुवातीला त्यांना वाटतं, हात सुटेल. सुटत नाही. उलट टर्न हलका होतो.

या सगळ्यासाठी माझ्याकडे एक साधन आहे, क्रिकेटचे अंपायर घालतात तसल्या गोल काठाच्या पांढऱ्या टोप्या. कपाटात त्यांची चळत आहे. फॉलोअरने टोपी घालायची आणि लीडने एक अख्खं गाणं तिला टर्न देत राहायचं, टोपीचा काठ हलता कामा नये. पहिल्या गाण्यात टोप्या हॉलभर उडतात. मग मी काही बोलत नाही, गाणं पुन्हा लावते. हळूहळू हात लवकर वर जायला लागतो, वर्तुळ आकसतं, अंगठा आपोआप सैल होतो. यातून जे सुधारतं ते नुसतं लीडचं तंत्र नाही. टोपीच्या काठाला धक्का बसेनासा झाला की फॉलोअरची मान सरळ होते. चष्मेवाल्या मुली टर्न घेताना नकळत मान खाली घालतात, खांदे वर ओढतात, कारण कधीतरी कुणाचा तरी फटका बसलेला असतो. मान खाली गेली की अंगाचा तोल पुढे जातो आणि गिरकी कलते. अशा मुलीला "मान वर ठेव" म्हणून सांगत बसण्यात अर्थ नाही. तिला विश्वास वाटेल असे हात आधी तिच्या वाट्याला आले पाहिजेत. सोशलला, म्हणजे सगळे जमून नाचतात त्या कार्यक्रमाला, गेल्यावर कोणता लीड चांगला हे ओळखायचं असेल, तर त्याच्या चाली मोजू नका, त्याच्या हाताखालून जाताना चष्मेवाली मान झुकवते का तेवढं बघा.

लीड उंचीने कमी आणि फॉलोअर उंच असेल तर टोपीचा व्यायाम अवघड जातो. तिथे मी फॉलोअरलाच हात स्वतः उचलायला सांगते. तिने आपला पंजा आपल्या कपाळाच्या वर ठेवायचा, लीडने फक्त दिशा द्यायची.

केसांवरून हात फिरवून मानेमागे सोडायची हेअरकोंब नावाची चाल आहे. पोरांना ती फार आवडते, आणि चष्म्यांचे बळी तिथेच सर्वाधिक जातात. बोटातली उंच खड्याची अंगठी, जाड पट्ट्याचं घड्याळ, हातातलं कडं, यातलं काहीही काडीत अडकू शकतं. म्हणून हे सगळं मी काढायला लावते. लीडचाही चष्मा असतो हे विसरायचं नाही. डबल टर्न घेणाऱ्या मुलीची लांब वेणी समोरच्याच्या काचेवर सपकन बसते आणि नेमका त्या क्षणी त्याला पुढचा रस्ता दिसायला हवा असतो. आमच्या हॉलमध्ये लांब केसांचा अंबाडा बांधायचा, हा नियम आहे, आणि मुली तो आनंदाने पाळतात.

लग्नाच्या नाचात मात्र चष्म्याची गाठ नाचाशी नसते, फोटोशी असते. गेल्या लग्नसराईत एक जोडपं आलं होतं. मुलीचा नंबर साडेसहा. संगीताच्या कार्यक्रमात एका जुन्या हिंदी गाण्यावर दोघांचा नाच, शेवटी डिप, म्हणजे नवऱ्याने तिला हातावर मागे झुकवायचं. तिसऱ्या-चौथ्या तालमीला तिची आई बरोबर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो मॅडम, एवढा मेकअप करायचा आणि वर चष्मा? फोटोत नुसत्या काचा चमकतील." कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाहिल्या होत्या, पण मुलीचे डोळे चुरचुरायचे, दोन तासांत लाल व्हायचे. तेव्हा आईचं म्हणणं होतं, पाच मिनिटांचा तर नाच आहे, काढून ठेवावा.

मी वाद घातला नाही. आईंच्याच हातात त्यांचा फोन दिला आणि म्हटलं, दोनदा शूट करा, एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्म्यासकट. चष्म्याशिवाय नाचताना मुलगी हनुवटी पुढे काढत होती, डोळे बारीक करत होती. तो चार पावलं लांब उभा राहून हात पुढे करायचा आणि तिने चालत येऊन तो हात घ्यायचा, अशी सुरुवात बसवली होती. ती आली, पण तिचा हात हवेत चाचपडला. त्याने तो पकडला. दुसऱ्या वेळी चष्मा लावून ती आली ती जवळजवळ धावतच, त्याच्याकडे बघत, हसत. मुलगा म्हणाला, "काकू, चष्मा नसला की ती माझ्याकडे बघते तरी दुसरीकडेच बघतेय असं वाटतं हो." आईंनी दोन्ही व्हिडिओ पाहिले, पहिला पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाल्या, "राहू दे चष्मा. फक्त नवा घेऊ."

मग आम्ही कामाला लागलो. नव्या चष्म्याला काचा प्रतिबिंब न पाडणाऱ्या थराच्या घेतल्या, त्यामुळे फ्लॅशच्या उजेडातही तिचे डोळे दिसणार होते. फ्रेम हलकी आणि अरुंद, कारण एवढ्या नंबरला काच जितकी रुंद तितकी तिची कड जाड. चष्म्याच्या दुकानदाराने काड्यांची टोकं गरम करून कानामागे जास्त वळवून दिली, शिवाय सिलिकॉनच्या छोट्या आकड्या बसवल्या. पण खरा घोळ वेगळाच निघाला. तिच्या झुमक्यांना केसांत अडकवायचे वेल होते आणि वेलाची साखळी चष्म्याच्या काडीत गुंतायची. मान वळवली की कान ओढला जायचा. दोन-तीन वेळा ती कळवळली तेव्हा कुठे ध्यानात आलं. वेल नसलेले कानातले ठरले. केस बांधणाऱ्या बाईंना मी स्वतः सांगितलं, तिला चष्मा घालूनच बसवा आणि मग गजरा माळा, नाहीतर काड्या गजऱ्याखाली जाणार नाहीत आणि चष्मा वर उचलला जाईल.

डिपमध्ये डोकं मागे गेलं की चष्मा कपाळाकडे घसरतो. म्हणून झुकवणं कमी केलं, त्याचा हात तिच्या मानेखाली न ठेवता खांद्याच्या फऱ्याखाली घेतला आणि तिला सांगितलं, मान मागे सोडू नकोस, चेहरा त्याच्या खांद्याकडे वळव. डिप उथळ झाला, पण दोघांनाही तो सहज सावरता येऊ लागला, आणि चेहरा प्रेक्षकांना दिसू लागला. खरं तर बिनचष्म्याच्या नवऱ्यांनाही मी आता हाच डिप शिकवते.

एक वेगळा गट माझ्याकडे रविवारी सकाळी येतो, पन्नाशी-साठीतली जोडपी. त्यांची अडचण लांबच्या नंबराची नसते, चाळिशीची असते. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग वाचायसाठी असतो. पाऊल चुकेल या भीतीने काका खाली बघतात, आणि त्या भागातून जमीन पुसट दिसते, फुगल्यासारखी वाटते. मान वळवली की काचेच्या कडांमधून सगळं हेलकावतं. काकांना वाटतं, आपलं वय झालं, आता तोल जातो. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. शक्य असेल तर नाचासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा साधा चष्मा करून घ्या. आणि पायांकडे बघू नका, काकूंच्या खांद्यावरून पलीकडे बघा. हा दुसरा सल्ला तर चष्मा नसलेल्यालाही लागू आहे.

या गटाला मी मुख्यतः स्लो वॉल्ट्झ शिकवते. मिनिटाला २८ ते ३० बार, म्हणजे नव्वदीच्या आतबाहेर ठोके, गुडघ्यांना झेपणारी लय. चष्म्यांच्या दृष्टीने वॉल्ट्झ हा फार समंजस नाच आहे. दोघं किंचित बाजूला सरकून उभी राहतात, प्रत्येकजण दुसऱ्याच्या उजव्या खांद्यावरून बघतो, डोकी एकमेकांपासून दूर कललेली. चेहऱ्यासमोरून हात जायचा प्रसंग फारसा येतच नाही. मला पहिली पावलं शिकवणारे सर मूळचे मडगावचे, वांद्र्यात स्थायिक झालेले. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत बँड सुरू झाला की आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे फ्लोअरवर येतात, वॉल्ट्झ काय, जाइव्ह काय, कुणी कुणाला क्लास लावायला सांगत नाही. सर तिथेच नाच शिकले होते. त्यांच्या नाकावर जाड काचांचा काळ्या फ्रेमचा चष्मा असायचा. नाचणाऱ्याने चष्मा काढायचा असतो हे मी त्यांच्याकडे कधी ऐकलं नाही, आणि माझ्या उत्तराचं मूळ बहुधा तिथे आहे.

टँगोपाशी आल्यावर मात्र माझं उत्तर थोडं बदलतं. ब्युनोस आयर्स आणि मोन्तेविदेओ या ला प्लाता नदीच्या दोन काठांवरच्या शहरांत वाढलेला हा नाच. त्यातल्या जवळच्या मिठीत त्याच्या उजव्या गालाला तिचा उजवा गाल किंवा कानशील टेकतं. दोघांनाही चष्मा असेल तर उजव्या बाजूच्या बिजागऱ्या एकमेकींवर घासतात, नोजपॅड नाकात रुततात, काचेला मेकअप लागतो. इथे हात वर न्या म्हणून भागत नाही, कारण हाताचा प्रश्नच नाही. पण या नाचात बोलावणं नजरेने होतं. हॉलच्या एका टोकाकडून त्याने तिच्याकडे बघायचं, तिने बघून घेतलं तर मानेने किंचित खूण करायची, तिनेही मान हलवली की मग उठायचं. याला काबेसेओ म्हणतात. नाही म्हणायचं असेल तर तिने फक्त नजर फिरवायची, कुणाचा पाणउतारा होत नाही. मला ही पद्धत फार आवडते, विशेषतः आपल्याकडे जिथे मुलीला तोंडावर नाही म्हणणं अवघड जातं. पण साडेचार नंबरला पंधरा-वीस फुटांवरची ती खूण चष्म्याशिवाय दिसणं अशक्य.

तेव्हा टँगोत चष्मा लागतो तो नाच सुरू होईपर्यंत. तीन-चार गाण्यांचा एक तांदा असतो, दोन तांद्यांच्या मध्ये दुसऱ्याच प्रकारचं छोटं संगीत वाजतं, ती कोर्तिना. तेवढ्यात लोक जागेवर जातात आणि पुन्हा नजरा शोधू लागतात. मी फॉलो करणार असेन तर फ्लोअरवर गेल्यावर चष्मा काढून पार्टनरच्या शर्टाच्या खिशात देते, डोळे मिटते, आणि कोर्तिना वाजली की परत घेते. डोळे मिटूनच नाचायचं तर नंबर कुठला का असेना. पण लीड करताना मी तो काढत नाही. सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने ओळीत फिरत असतात, पुढच्या जोडीशी अंतर राखायचं असतं, आणि माझ्या मिठीत डोळे मिटलेलं माणूस असतं. मग चष्मा कपाळाच्या बाजूला थोडा टोचला तरी चालतो. पार्टनरला आधीच विचारते, टोचत असेल तर मिठी सैल करू. हे विचारायला काही लागत नाही.

बचाटाच्या स्पेनमध्ये वाढलेल्या सेन्सुअल प्रकारात फॉलोअरच्या डोक्याचे गोल झोके असतात. तिथे चष्मा टिकत नाही. मी ते झोके चष्मेवालीला द्यायचे नाहीत असं शिकवते. चालींचा तोटा नाही, डोमिनिकन रिपब्लिकमधला मूळ बचाटा पायांच्या खेळावर चालतो आणि तो झोक्यांशिवाय रात्रभर नाचता येतो.

लोक विचारतात म्हणून सामानाचं थोडक्यात सांगते. काचा पॉलिकार्बोनेटच्या घ्या, त्या धक्क्याने सहजी फुटत नाहीत. घाम खूप येत असेल तर कपाळाला सुती पट्टी बांधा, नाकावरून चष्मा घसरतो तो घामानेच. डोक्यामागून जाणारा लवचीक पट्टा मुलांना चालतो, अंबाडेवाल्या मुलींना अडचणीचा होतो. लेन्स ज्यांना सोसतात त्यांनी जरूर वापराव्यात, पण एसी हॉलमध्ये त्या कोरड्या पडतात, तेव्हा चष्मा बरोबर ठेवावा. पावसाळ्यात एसीतून बाहेर आलं की काचा वाफाळतात, तेवढं थांबायचं.

शनिवारच्या सोशलला आम्ही शेवटी रुएदा करतो. १९५० च्या दशकात हवानात सुरू झालेला हा प्रकार. सगळ्या जोड्या गोल करतात, एकजण मोठ्याने चालीचं नाव पुकारतो आणि सगळे एकदम ती चाल करतात. परवा मीच पुकारत होते. सोम्ब्रेरो पुकारला, त्यात दोघांचे हात दोघांच्या डोक्यांवरून मागे जातात, आणि नव्या बॅचमधल्या एका मुलीचा चष्मा उडून गोलाच्या मधोमध पडला. अशा वेळी घाबरून सगळे पुढे धावले तर पहिल्या दोन पावलांत काचेचा भुगा होतो. मी लगेच 'ग्वापेआ' पुकारलं, म्हणजे प्रत्येकाने आपल्या जागी बेसिक करत राहायचं. सोळा-सतरा जोड्या तालात पावलं टाकत होत्या, पण एकही पाऊल मध्ये आलं नाही. तिचा पार्टनर, अकरावी-बारावीतला मुलगा, आत गेला, दोन बोटांनी काड्या धरून चष्मा उचलला, दिव्याकडे धरून काचा तपासल्या आणि तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "दादा, तुझा हात कुठून आला मला दिसला होता, मी वाकायला हवं होतं." तो म्हणाला, "तू कशाला वाकायचंस? मी वरून न्यायला हवा होता." बँडचा ट्रम्पेट चढत होता, तिने चष्मा नीट बसवला, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी 'दामे' पुकारलं. सगळे आपापल्या पुढच्या पार्टनरकडे गेले.